वेगाचा काटा पडद्याबाहेर काढताना

माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं, वर्धा जिल्ह्यात. ओलिताच्या दिवसांत पंपांच्या मोटारी उरकता उरकत नाहीत, त्यामुळे संगणकावर विमान उडवायचा सिम्युलेटर सुरू होतो रात्री नऊनंतर. भाचा आणि मी. सॉफ्टवेअर फ्लाइटगियर, ते फुकट मिळते. विमान सेस्ना 172पी, धावपट्टी नागपूरची. सगळे डायल पडद्यावर असले की बाहेर बघायला जागाच उरत नाही, म्हणून एकेक डायल वेगळा बनवायचा. सुरुवात वेगदर्शकापासून करा. त्याचा काटा एका फेऱ्याच्या आत राहतो. अल्टिमीटरचा, म्हणजे उंचीच्या डायलचा, काटा गोल फिरत राहतो, त्याला पुढे सांगतो ती मोटार चालत नाही.

मोटार एक्स27.168 घ्या, गाड्यांच्या मीटरमध्ये असते ती. 315 अंश फिरते, अंशाला तीन टप्पे, म्हणजे 945. एका कॉइलला 20 मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, त्यामुळे अर्डुइनो नॅनो या प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या चार पिनांवर थेट चालते. मोटार फिरवायचा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, स्विटेक एक्स25.

डब्यासाठी 90 मिमी पीव्हीसी पाइपचा चार बोटं तुकडा पुरतो. विमानातल्या खऱ्या डायलचं भोक तीन इंच एक सूत, त्याच्या जवळपासच बसते. काटा फाइलच्या प्लास्टिक कव्हरमधून कापा. मी आधी पत्र्याचा केला होता, तो जड होऊन टप्पे चुकायचे.

आता शून्य. काटा कुठे आहे हे मोटारीला कळत नाही. म्हणून चालू होताच तिला 945 टप्पे उलट फिरवायचं. आतल्या अडणीला लागून टकटक वाजते, वाजू द्या. ती थांबली की काटा डायलच्या शून्यावर धरून हलक्या हातानं दाबा. आमच्याकडे लाईन रात्रीतून दोनदा जाते, त्यामुळे हे उलट फिरणं दर वेळी आपोआप झालंच पाहिजे.

डायलवरच्या खुणांनी मला सर्वात जास्त छळलं. विमानाचा वेग समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून मोजणाऱ्या पिटो नळीतला दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून खऱ्या डायलवर खालचे आकडे दाटीनं येतात. मी मात्र प्रोग्राममध्ये समान भाग पाडले. खरा वेग 65 नॉट (ताशी सागरी मैल), काटा 80 च्या घरात! भाच्यानं काट्यावर भरवसा ठेवून वेग आणखी उतरवला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. चूक माझी होती, पोराची नाही. तेव्हा छापलेल्या डायलवर कोनमापक ठेवा, 40, 60, 80 अशा प्रत्येक आकड्याचा कोन मोजून तक्ता करा, आणि मधले कोन नॅनोला हिशेबानं काढू द्या. वेगाच्या मर्यादा दाखवणारे रंगीत पट्टे 172पीचेच छापा: पांढरा 33 ते 85, हिरवा 44 ते 127, पिवळा 127 ते 158, तिथेच लाल रेघ.

नॅनोला वेगाचा आकडा मिळावा म्हणून फ्लाइटगियरच्या प्रोटोकॉल फोल्डरमध्ये, काय पाठवायचं ते सांगणारी छोटी एक्सएमएल फाइल ठेवायची. त्यात एकच नोंद: इन्स्ट्रुमेंटेशन, एअरस्पीड-इंडिकेटर, इंडिकेटेड-स्पीड-केटी. पुढे ओळ संपल्याची खूण. फ्लाइटगियर सुरू करताना जेनेरिक सिरियल पर्यायात हा आकडा नॅनोला सेकंदाला 20 वेळा पाठवायला सांगा.

एक दिवस भाचा ओरडला, “मामा, काटा हालूनच नाही राहिला!” संगणक अडकला होता आणि काटा 90 वर तसाच उभा. तेव्हापासून दोन सेकंद आकडा आला नाही की काटा शून्यावर जातो, अशी सोय मी प्रत्येक डायलमध्ये करतो.

काच शेवटी चिकटवा. त्याआधी काटा दोनदा तरी काढावा लागतो.