रिटर्न गिफ्ट: आधी नग मोजा, मग वस्तू शोधा

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत जे काही आत येतं ते मोजून घ्यायचं आणि मोजून बाहेर द्यायचं, हे चौदा वर्षांचं काम. त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा रिटर्न गिफ्टचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. त्याआधी माझ्या स्वतःच्या लग्नात आणि मामेभावाच्या लग्नात या खात्याची जी वाट लागली होती, ती घरात सगळ्यांच्या लक्षात होतीच.

पहिली चूक बहुतेक घरांत एकच होते. आधी वस्तू पसंत करतात, मग तिला निमंत्रितांच्या आकड्याने गुणतात, मग आकडा बघून घाबरतात आणि शेवटी त्याच वस्तूची हलकी नक्कल घेतात. क्रम उलटा हवा. आधी नग किती लागणार ते काढा, मग पैसे, आणि वस्तू सगळ्यात शेवटी.

आमची यादी 300 माणसांची होती. आई म्हणाली, "म्हणजे सव्वातीनशे घेऊ. कमी पडलं तर तोंड कुठे लपवायचं गं?" मी यादी घेऊन बसले आणि प्रत्येक नावापुढे घर लिहीत गेले. भेट घराला जाते, माणसाला नाही. पूर्ण कुटुंबाने येणारी घरं 62, नुसती जोडपी 26, आणि एकटे येणारे मित्र-मैत्रिणी व ऑफिसमधले 38. झाले 126. त्यातल्या नऊ घरांनी आधीच नाही कळवलं होतं, राहिले 117. मग ज्यांना सगळेच विसरतात ते धरले: फोटोवाले, ड्रायव्हर, हॉलवर राबणारी माणसं, मेकअप करणारी मुलगी. असे 12. एकूण 129. त्यावर साधारण आठ टक्के राखीव म्हणजे आणखी 10, आणि एक नग आकडा सरळ करायला. 140. सव्वातीनशेच्या निम्म्याहूनही कमी.

एकाच घरात लग्न झालेली दोन मुलं वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर ती दोन घरं धरा, इथे चिकटपणा नको. आणि लहान मुलांसाठी वेगळी भेट ठेवायचा मोह टाळा. एकाला दिली की हॉलमधली सगळी पोरं टेबलाभोवती जमतात.

आता पैसे. एकूण रक्कम भागिले 140 म्हणजे वस्तूची किंमत नव्हे, ती एका तयार डब्याची किंमत. या तयार डब्याचे 100 भाग केले तर आमच्याकडे वाटणी अशी पडली: वस्तू 65, डबा 15, रिबन आणि चिठ्ठी 6, वाहतूक 5, नमुने आणि मोडतोड 4, आणि 5 भाग हाताशी मोकळे. तुमचं प्रमाण थोडं इकडेतिकडे होईल, पण दुकानात शिरताना डोक्यात हा 65 चा आकडा हवा, 100 चा नाही. भाव विचारताना दोन प्रश्न एका दमात विचारा: कर धरून का, आणि पोच धरून का. दोन्हींचं उत्तर तोंडी नको, कोटेशनवर लिहून हवं.

विक्रेता हमखास म्हणेल, "ताई, 250 घेतले तर दहा टक्के कमी करतो." ऐकायला गोड आहे. हिशेब करा: 250 नगांना 90 टक्के भाव म्हणजे 225 नगांचे पैसे. तुम्हाला हवे 140. दहा टक्के वाचवायला साठ टक्के जास्त मोजायचे आणि वर 110 नग पलंगाखाली. उलट नग थोडे कमी करून वस्तू बरी घेतलेली मला कधीही पटते.

वस्तू कोणती

माझी एकच कसोटी आहे: ही वस्तू पाहुण्याच्या घरात आधीच असली तर दुसरी चालेल का? फोटोफ्रेम, शोपीस, भिंतीवरचं घड्याळ यांचा दुसरा नग म्हणजे अडगळ. सुती नॅपकिन, कापडी पिशवी, वही, चांगला साबण यांचा दुसरा काय, पाचवा नगही वापरला जातो. या कसोटीवर निम्म्या वस्तू एका मिनिटात गळतात.

दुसरी गोष्ट परतीच्या प्रवासाची. भेट हॉलवर दिली जाते पण उघडली जाते घरी, आणि मधे गाडी, रेल्वे, विमान असतं. माझ्या लग्नात आम्ही काचेच्या ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्या दिल्या होत्या. दिसायला काय सुंदर! दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये त्या पडून राहिल्या. बंद गाडी आतून सहज पन्नास अंशांच्या पुढे जाते, आणि ग्लासात ओततात ती मऊ मेणं त्याच सुमारास वितळायला लागतात. आत्याने घरी जाऊन फोन केला, "अगं, मेण सगळं पिशवीत आलंय, वात तेवढी ग्लासात आहे." चॉकलेटचं तर विचारूच नका, त्यातलं कोको बटर 34 अंशांच्या आसपासच सैल पडतं.

विमानाने जाणारे पाहुणे असतील तर अत्तर, जेल, तेल या गोष्टी हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी 100 मिलिलिटरच्या वर नेता येत नाहीत. परदेशातून आलेल्यांना रोप, माती किंवा बिया देऊ नका. अनेक देशांत अशा गोष्टी विमानतळावर तपासतात आणि काढून घेतात. बियांचा कागद, म्हणजे बिया मिसळून केलेला आणि मातीत पुरता येणारा, ही कल्पना मला आवडते, पण गावातल्या गावात. खाण्याचं काही द्यायचं ठरलंच तर लग्नाच्या तारखेनंतर निदान महिनाभर टिकेल असंच घ्या आणि घटकांची चिठ्ठी डब्यावर लावा. शेंगदाणा किंवा काजू न चालणारं माणूस आपल्याच यादीत असतं आणि ते आपल्याला माहीत नसतं.

बहिणीसाठी आम्ही जाड सुती नॅपकिन ठरवले, दोन-दोनची जोडी. फुटत नाही, सांडत नाही, वजनाला हलकं. पण कापड नुसतं हात लावून घेऊ नये. मी तीन विक्रेत्यांकडून एकेक नमुना आणला, कडा पेन्सिलीने वर्तमानपत्रावर आखून घेतल्या आणि तिन्ही धुवायला टाकले. वाळल्यावर परत त्याच रेघांवर ठेवले. एकाची कड रेघेला धरून होती, दुसरा बोटभर आत आला होता आणि तिसरा चौकोनी राहिलाच नव्हता, पतंगासारखा तिरपा झाला होता. मग ओल्या नॅपकिनवर पांढरा रुमाल दाबून घासला. सगळ्यात देखणा जो गर्द निळा होता, त्याने रुमाल निळा केला. पाहुण्यांच्या घरचे कपडे खराब करणारी भेट देण्यापेक्षा न दिलेली बरी. आम्ही फिका राखाडी घेतला. बहिणीचं तोंड दोन दिवस वाकडं होतं.

नावं आणि तारीख वस्तूवर छापू नका, चिठ्ठीवर छापा. दुसऱ्याच्या लग्नाची तारीख असलेल्या नॅपकिनला रोज हात पुसायला कोणाला आवडेल? शिवाय उरलेले नग नाव नसलं तर कुठेही चालतात. मराठी मजकूर असेल तर आणखी एक: आपल्या संगणकावर नीट दिसलेलं जोडाक्षर छापखान्याच्या संगणकावर सुटं होतं, वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. फाईल पीडीएफ करून द्या, आणि छापण्याआधी एक कागदी प्रूफ हातात घेऊन घरातल्या सगळ्यात किरकिऱ्या माणसाला वाचायला लावा. आमच्याकडे बाबा आहेत. मोबाइलवरचा फोटो बघून "ओके" कळवू नका.

डबा आणि रिबन

इथे खरी फजिती होते, म्हणून जरा सविस्तर.

मामेभावाच्या लग्नात झाकणाची बरणी होती, 8 सेंटिमीटर रुंद. डबे मागवले 8 बाय 8 चे, पुठ्ठ्याचे, कडक. लग्नाला पाच दिवस उरले असताना डबे आले आणि बरणी आत जाईना. मामी म्हणाली, "दाब ना जरा." दाबून काय होणार? डबेवाल्याने 8 सेंटिमीटर बाहेरून मोजलं होतं. पुठ्ठा दीड मिलिमीटर जाडीचा, दोन बाजूंचा मिळून तीन मिलिमीटर. आतली जागा 77 मिलिमीटर, बरणी 80. शेवटी बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशव्यांतून दिल्या आणि डब्यांत कित्येक वर्षं मामीची बटणं, सुया, जुन्या पावत्या राहिल्या.

तेव्हा डबा सांगताना "आतून" हा शब्द ऑर्डरवर लिहा, आणि वस्तूपेक्षा प्रत्येक बाजू तीन-चार मिलिमीटर मोठी ठेवा. कापड दबतं, त्याला तेवढंही नको. नॅपकिनची गुंडाळी दहा सेंटिमीटर लांब आणि पाच जाड झाली, दोन शेजारी ठेवल्यावर 10 बाय 10 बाय 6 चा डबा पुरला. डबे नगांपेक्षा पाच-सहा जास्त मागवा, चेपतात.

डबा उगाच मोठा घेऊन दिखावा वाढवायचा असेल तर कुरिअरचा नियम लक्षात घ्या. ते नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात, येणारा आकडा किलो धरतात, आणि तो व खरं वजन यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आमचा डबा 600 भागिले 5000, म्हणजे 120 ग्रॅम. तोच 15 बाय 15 बाय 10 चा घेतला असता तर 450 ग्रॅम, आत तेच दोन नॅपकिन.

रिबनचा हिशेब मी स्वतः चुकवला, तोही सांगून टाकते. डब्याला दोन्ही बाजूंनी फेरा म्हणजे 64 सेंटिमीटर, बो धरून एक मीटर. 140 डब्यांना 140 मीटर. रोलवर 25 लिहिलेलं पाहिलं, सहा रोल घेतले आणि खूश झाले. ते 25 यार्ड होते. एक यार्ड म्हणजे 91 सेंटिमीटर, म्हणून रोलमध्ये मीटरभराचे तुकडे निघाले 22 च. सहा रोलांत 132 डबे झाले आणि रात्री साडेदहाला आठ डबे बोडके. रोज मोजमापात वावरणाऱ्या बाईची ही तऱ्हा. त्या आठांना सुतळी बांधली, आणि खरं सांगू, तीच जास्त छान दिसत होती.

वेळ आणि वाटप

लग्नाच्या दहा आठवडे आधी नमुने, सहा आठवडे आधी ऑर्डर, दोन आठवडे आधी माल घरात. त्यानंतर आलेला माल बदलून मिळत नाही. माल आला की चलानवर सही करण्याआधी प्रत्येक खोका उघडून मोजा. वरचा थर छान आणि खाली डागी, हे मी कारखान्यात दर महिन्याला बघते.

भरायला एका डब्याला तीन मिनिटं धरा. 140 डबे म्हणजे एकट्याला सलग सात तास. आम्ही चौघं ओळीने बसलो: एक गुंडाळणार, एक भरणार, एक चिठ्ठी, एक रिबन. पावणेदोन तासांचं काम गप्पांसकट तीन तास चाललं. प्रत्येकाने पूर्ण डबा करायचा असं ठरवलं असतं तर पहाट झाली असती. भरलेले डबे वीस-वीसच्या खोक्यांत घालून खोक्यावर आकडा टाका, म्हणजे कुठल्याही क्षणी किती उरलेत ते नजरेने कळतं.

भेट खुर्चीवर किंवा ताटाशेजारी मांडून ठेवू नका, अर्धी तिथेच राहते. निघायच्या दाराशी एक टेबल, तिथे लग्नघरातली सगळ्यांना ओळखणारी दोन माणसं आणि हातात घरांची यादी. आमच्याकडे काका बसले होते. यादी समोर उघडी ठेवून खुणा करणं वाईट दिसतं, म्हणून एक जण देणार आणि दुसरा मागे टिंब काढणार. जवळच्या चार-पाच घरांना काही विशेष द्यायचं असेल तर ते नंतर त्यांच्या घरी जाऊन द्या. एकाच टेबलावर दोन आकाराचे डबे दिसले की पुढचं वर्षभर तोच विषय.

रात्री आमच्याकडे 11 डबे उरले. काकांच्या टिंबांवरून पाहिलं तर सात घरं ऐनवेळी आली नव्हती. त्यांचे सात डबे दुसऱ्या दिवशी नावं घालून वेगळे काढले. उरले चार. एक आईने ठेवला, एक बहिणीच्या सामानात गेला, आणि दोन आत्याने मागून नेले. दोन्ही सुतळीवाले.