जुना आवडता अल्बम पुन्हा कसा ऐकावा: 'थ्रिलर'सोबत एक दुपार

ज्या अल्बमवर आपण लहानाचे मोठे झालो, तो आपल्यापैकी बहुतेकांनी नीट ऐकलेलाच नसतो. कुणाकडून तरी भरून घेतलेली कॅसेट, घरातला टू-इन-वन, बाहेर गॅलरीत चाललेल्या गप्पा, आणि आवडतं गाणं आलं की मागेपुढे करून पुन्हा तेच. म्हणून चाळीस वर्षांनी तो ऐकायचा, तर दोन गाजलेली गाणी फोनवर लावून भागत नाही. अख्खा अल्बम, मूळ क्रमाने, मधे एकदाच थांबून ऐकायला हवा. इथे मी मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' घेतलाय. नोव्हेंबर 1982 चा हा अल्बम, नऊ गाणी, सुमारे 42 मिनिटं. तुमचा लाडका अल्बम दुसरा असेल तर पद्धत हीच ठेवा.

1. आधी कॅसेट बघा, मग लावा

माळ्यावरची कॅसेट खाली काढली की लगेच डेकमध्ये घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या रिळाची कड उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटांना ती हमखास धरते, आणि अशी कॅसेट लावली तर बुरशी डेकच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात कॅसेट काही दिवस कोरडी होऊ द्या आणि मग माहितगाराकडून साफ करून घ्या.

बुरशी नसेल तर टेपला मधोमध टेकणारा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का बघा. त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो, मग आवाज दबका येतो. तो नव्याने चिकटवता येतो. ऐकण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या.

2. वेग तपासा

ही पायरी कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने चालायला हवी. डेकचा रबरी बेल्ट सैल झाला की ती हळू चालते, आणि गाणं लांबतं तसा सूरही उतरतो. 'बिली जीन' पहिल्या ठोक्यापासून शेवटचा आवाज विरेपर्यंत आधी फोनवर आणि मग कॅसेटवर घड्याळ लावून मोजा. ते पाच मिनिटांच्या जरा आत आहे. कॅसेटवर आठ-दहा सेकंद जास्त लागले, तर पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं, त्याच्या निम्म्याहून थोडा कमीजास्त सूर उतरलेला आहे. कित्येकांच्या आठवणीतला मायकेल असाच जरा जड आवाजाचा आहे. बेल्ट बदलायचा असेल तर जुना सोबत घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. मापाचा मिळाला तर काम थोडक्यात होतं.

कॅसेट नसेलच तर? काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या तबकड्या अजून मिळतात. तबकडी घेताना ती उजेडात तिरकी धरून बघा. नखाला लागणारा ओरखडा असेल तर परत ठेवा.

3. फोनवर ऐकणार असाल तर

नऊच गाण्यांची आवृत्ती शोधा. वर्धापनदिनाच्या आवृत्त्यांत जास्तीची गाणी जोडलेली असतात, आणि त्यांनी अल्बमचा शेवट बिघडतो. शफल, आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय आणि इक्वलायझर बंद करा. दोन आवृत्त्यांची तुलना करायची झाली तर आवाज कानाला सारखा लागेपर्यंत जुळवा. नव्या रिमास्टरचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने काम केलेल्या आवृत्तीचा, आवाज बऱ्याचदा मुळातच चढा असतो, आणि चढा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो.

4. जागा आणि वेळ

बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झला वाजते. हातात मावणाऱ्या ब्लूटूथ डब्याला तिथवर पोचताच येत नाही. त्यापेक्षा वायरचे बरे हेडफोन घ्या. फ्रिजची घरघर आणि सीलिंग पंख्याचा आवाजही याच खालच्या सुरांवर बसतो. रविवारी जेवणं आटोपल्यावर, दोन ते चारच्या मधे, सोसायटीत लिफ्टसुद्धा फारशी हलत नाही. ती वेळ गाठा आणि एका बाजूपुरता पंखा बंद ठेवा. डिसेंबर-जानेवारीत तर काहीच त्रास नाही.

5. बाजू पाळा

पहिल्या बाजूला चार गाणी आहेत, शीर्षकगीत चौथं. दुसऱ्या बाजूला पाच, 'बीट इट'पासून पुढे. चौथ्या गाण्यानंतर थांबा, उठा, पाणी प्या, मगच दुसरी बाजू लावा. काही कॅसेटांत दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून क्रम बदललेला असे, तेव्हा तबकडीचा क्रम प्रमाण माना.

बाजूंवर माझा एवढा भर का, ते सांगतो. तबकडीच्या एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितकी चर जवळजवळ आणि उथळ कोरावी लागते, आणि पहिला मार बासवर बसतो. 'थ्रिलर'चं पहिलं मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवणं) पुरं झालं तेव्हा नेमकं हेच झालं होतं. ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली. निर्माते क्विन्सी जोन्स यांनी गाणी छाटली. शेवटच्या गाण्याचं एक कडवं गेलं, 'बिली जीन'ची सुरुवात कमी झाली, आणि मग एकेक गाणं नव्याने मिक्स केलं गेलं. आज आपण ऐकतो तो भरदार आवाज त्या काटछाटीतून आलाय. छाटल्यानंतरही 'बिली जीन'मध्ये गाणारा आवाज यायला जवळपास अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट पुढे ढकलू नका.

6. दुसऱ्यांदा ऐकताना एकच वाद्य धरा

पहिल्यांदा नुसतं ऐका. काही वाचू नका, कुणाला सांगू नका. दुसऱ्या फेरीला मात्र एक धागा धरून चला. मी बास धरायला सांगेन. 'बिली जीन'मध्ये लुईस जॉन्सन यांचा बास आणि एन्डुगू चॅन्सलर यांचे ड्रम एकमेकांना धक्का न लावता शेजारून चालतात. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी बास ड्रमसाठी खास आवरण शिवून घेतलं होतं. या एका गाण्याची त्यांनी 91 मिक्स केली आणि अखेर घेतलं ते दुसरं. हे कळल्यावर तोच ड्रम पुन्हा ऐका. तो आवाज किती कोरडा आणि जवळचा आहे, आणि त्याच्याभोवती किती मोकळी जागा सोडलीय, ते ऐकून मी आजही थक्क होतो.

'बीट इट'मध्ये गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांचा सोलो सुरू व्हायच्या जरा आधी दारावर टकटक केल्यासारखा आवाज येतो, तो पकडा. याच गाण्यात ड्रम ठेवायची पेटी बडवल्याचं श्रेय अल्बमच्या आवरणावर मायकेलच्या नावावर आहे. पहिल्या गाण्याच्या शेवटी जी अक्षरं आपण सगळे अर्थ न कळता ओरडत होतो, त्यांचं मूळ कॅमेरूनच्या मनू दिबांगो यांच्या 1972 च्या 'सोल मकोसा' या गाण्यात आहे. तेही शोधून ऐका.

1 नोव्हेंबर 1996 ला मायकेलच्या कार्यक्रमाला अंधेरीच्या क्रीडासंकुलात जे होते, त्यांना एक सूचना: मैदानातली आठवण आणि तबकडी वेगळ्या ठेवा. कार्यक्रमात गाणं ताणलं जातं आणि लोकांचा आवाज त्यात मिसळतो. तबकडीत मायकेल कानाजवळ कुजबुजतो, आणि 'ह्यूमन नेचर' ऐकावं तर तिथेच.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. त्याच्यावर गंभीर आरोप झाले. 2005 मध्ये न्यायालयात तो सर्व आरोपांतून निर्दोष सुटला, पण आरोप त्याच्या मृत्यूनंतरही होत राहिले. हे माहीत असताना ऐकणं कुणाला जड जाईल, आणि जड गेलं तर बंद करावं. मी ऐकतो, पण ते विसरून नाही.

7. परत ठेवताना

कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण फिरवून, डबीत घालून, उभी ठेवा. स्पीकरच्या वर किंवा शेजारी ठेवू नका, त्यातल्या चुंबकाने टेप खराब होते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे अखेरीस, त्या बदला. पावसाळ्यात अधूनमधून एकदा दोन्ही बाजू वाजवा.