‘निरंक’ या नोंदीने मला कसे फसवले: गॅस वाहिनीतील द्रव काढण्याचे काम शिकताना

नैसर्गिक वायूच्या वाहिनीवर गंजनियंत्रणाच्या कामाला मी रुजू झाले, तेव्हा पहिले सात महिने एका ड्रिपसमोर (वाहिनीतला द्रव गोळा करणाऱ्या भांड्यासमोर) मी नोंदवहीत एकच शब्द लिहीत होते: निरंक. दर आठवड्याला झडप उघडायची, द्रव येत नाही हे पाहायचे, झडप बंद करायची आणि पुढच्या ठिकाणी जायचे. द्रव आला नाही म्हणजे आत द्रव नाही, असा सोयीचा अर्थ मी लावला होता. ती नोंदवही आठवली की आजही ओशाळल्यासारखे होते, आणि या कामात नव्याने येणाऱ्यांनी निदान ही एक चूक करू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे कार्बोनिक आम्ल होते, हायड्रोजन सल्फाइड असेल तर प्रकरण आणखी बिघडते, आणि मोकळे पाणी नसेल तर हे दोन्ही वायू पोलादाला आतून गंजवू शकत नाहीत, हे आपण शिकूनच आलेले असता. वर्गात मात्र एक गोष्ट ठसवली जात नाही. ‘कोरडा गॅस’ हे कागदावरचे वर्णन आहे, वाहिनीची रोजची अवस्था नव्हे. अमेरिकेतील करारांत सहसा १० लाख घनफूट वायूमागे ७ पौंड पाण्याची मर्यादा असते. सुमारे ७० बार दाबाला तिचा दवबिंदू शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. ही मर्यादा पाळली तर पाणी सुटण्याचे फारसे कारण उरत नाही. परंतु वायूतले पाणी शोषणाऱ्या ग्लायकॉलच्या मनोऱ्यात एखाद्या रात्री फेस होतो, ग्लायकॉल तापवून त्यातले पाणी उडवणाऱ्या रिबॉयलरचे तापमान २०० अंशांच्या बरेच खाली उतरते, किंवा येणारा वायूच नेहमीपेक्षा गरम असतो. तापमान १० अंशांनी वाढले की वायूत मावणारी वाफ जवळपास दुप्पट होते, हे लक्षात ठेवावे. अशा काही तासांत आत गेलेले पाणी नंतरचा कोरडा वायू हळूहळू उचलून नेतो खरा, पण सोबत आलेल्या ग्लायकॉलमध्ये, क्षारांमध्ये आणि कॉम्प्रेसरच्या तेलाने चिकट झालेल्या गाळाखाली अडकलेले पाणी तिथेच राहते आणि त्यात जिवाणूही वाढतात.

आता माझ्या चुकीकडे येते, आणि ती थोडी जास्तच फोड करून सांगते. ड्रिप म्हणजे वाहिनीच्या पोटाखाली बसवलेले भांडे. वायूबरोबर तळातून सरकणारा द्रव त्यात पडतो, आणि भांड्याच्या तळापासून जमिनीवर आणलेल्या बारीक नळीची झडप उघडली की वाहिनीचाच दाब तो द्रव वर ढकलतो. त्यामुळे झडप उघडल्यावर तीन गोष्टी संभवतात. आधी द्रव आणि मग वायू आला, तर भांडे रिकामे झाले. सुरुवातीपासून वायूच पूर्ण जोराने येत राहिला, तर नळीच्या तोंडापर्यंत तरी द्रव नाही. आणि क्षणभर फुसकारा होऊन सगळे शांत झाले, तर नळी तुंबलेली आहे; तो फुसकारा म्हणजे गाळाच्या बोळ्याच्या वर अडकलेला थोडासा वायू. दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही अवस्थांना मी ‘निरंक’ लिहीत होते. एक जुने तंत्रज्ञ एकदा सोबत आले, फुसकारा थांबताच त्यांनी दाबमापकाकडे बोट केले आणि विचारले, “मॅडम, आत चाळीस बार आहेत, मग गॅस थांबला कसा?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

नळी मोकळी केली तेव्हा काळा, डांबरासारखा गाळ आला आणि मागोमाग गढूळ पाणी. पुढच्या चढाच्या पायथ्याशी, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी, जाडी मोजली तर खड्डे पडलेले होते. वाहिनी वाचली, दुरुस्तीही वेळेत झाली. सर्वत्र असे होत नाही. १९ ऑगस्ट २००० रोजी न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडजवळ ३० इंची वाहिनी अंतर्गत गंजाने फुटली आणि नदीकाठी तळ ठोकून राहिलेल्या १२ जणांचा मृत्यू झाला. फुटलेल्या जागेच्या अलीकडे असलेला ड्रिप अंशतः तुंबल्यामुळे द्रव त्याला ओलांडून पुढच्या सखल जागी साचला असावा, असे तपासात निघाले; त्या भागातून पिग, म्हणजे वाहिनी आतून साफ करत जाणारे साधन, पाठवण्याची सोयही नव्हती. तो अहवाल वाचल्यानंतर मी कित्येक दिवस स्वस्थ झोपले नाही.

इन्हिबिटरची, म्हणजे गंज रोखणाऱ्या रसायनाची, मात्रा वाढवून पाणी काढण्याचे काम टाळता येते, असे सुचवणारे वरिष्ठ आपल्याला भेटतील. त्यांचे ऐकू नये. गाळाच्या थराखाली इन्हिबिटर पोहोचत नाही. माझे मत थोडे कडवट आहे, पण मार्गदर्शक निवडायचाच असेल तर सुबक सादरीकरणे करणाऱ्यापेक्षा पिग बाहेर काढताना हात काळे केलेला माणूस निवडावा. कुपनचेही, म्हणजे गंज मोजण्यासाठी वाहिनीत ठेवलेल्या धातूच्या पट्टीचेही, तसेच. पाणी तळाशी असते आणि कुपन वरच्या बाजूने जेमतेम आत डोकावत असेल, तर ते वर्षानुवर्षे चकचकीत निघेल आणि आपण खूश राहाल.

पिग पाठवण्यापूर्वी पुढचा स्लग कॅचर (पिगने ढकलत आणलेला द्रव साठवणारे भांडे) किती द्रव झेलू शकतो, ते आधी तपासावे. पिग जिथे बाहेर काढतात तो रिसीव्हर उघडताना आतला काळा गाळ ओला ठेवावा, कारण लोह सल्फाइड कोरडे पडून हवेत आले की आपोआप पेट घेते. यात हयगय अजिबात चालत नाही. बाकी चुका होतील, आणि त्यांतल्या बहुतेक दुरुस्त करण्याइतका अवधी मिळतो. गंज सहसा एका रात्रीत भोक पाडत नाही. पहिल्या वर्षी सगळे समजले नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

आता माझ्या नोंदवहीत ‘निरंक’ हा रकाना नाही. द्रव किती लिटर आला, वायू किती सेकंद पूर्ण जोराने आला आणि नमुना कोणत्या बाटलीत घेतला, असे तीन रकाने आहेत. दुसऱ्या रकान्यात शून्य आले की त्याच दिवशी नळी मोकळी करण्याचे काम मागते.