सायकल खोलण्याआधी: घरच्या घरी बिघाड कसा शोधावा

गेल्या पावसाळ्यात माझ्या सायकलचं मागचं चाक एका आठवड्यात तीनदा बसलं. पहिल्यांदा पॅच लावला. दुसऱ्यांदा वाटलं, पॅच नीट बसला नसेल, म्हणून नवी ट्यूब घातली. तिसऱ्यांदा टायरच्या आतून हात फिरवला तेव्हा वेड्या बाभळीचा काटा सापडला. बाहेरून तुटून गेलेला, आतून जेमतेम मिलिमीटरभर वर आलेला. दोन्ही ट्यूबा बिचाऱ्या निर्दोष होत्या. तेव्हापासून पान्हा उचलण्याआधी पाच मिनिटं नुसती सायकल बघायची, ऐकायची, असा नेम केला आहे.

हवा जाते, पण पंक्चर आहे का?

आधी व्हॉल्व्ह तपासा. हवा भरून त्याच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावा. दुकानातही हेच करतात, त्यात लाजायचं काही नाही. बुडबुडा आला तर ट्यूबला हात लावायची गरजच नाही. साध्या काळ्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, ती वॉलट्यूब. उन्हाने ती चिरते किंवा चिकट होते. जुनी सोलून काढा आणि नवी ओली करून अशी चढवा की बाजूचं बारीक भोक पूर्ण झाकलं जाईल. गिअरच्या किंवा मुलांच्या जाड टायरच्या सायकलला बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो. त्यातली पिन ढिली झाली असेल तर घट्ट करून पुन्हा थेंब लावून बघा.

बुडबुडा नाही आला, तर मग पंक्चर:

1. सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करा. साध्या सायकलचं मागचं चाक काढत बसू नका. टायरची एकच बाजू रिमबाहेर काढली की ट्यूब ओढून घेता येते. टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरलात, तर एकाच्या जागी दोन पंक्चर काढावी लागतील. जाड दांड्याचा स्टीलचा चमचा बरा.

2. ट्यूबमध्ये हवा भरून बादलीत बुडवा. बुडबुडे येतील तिथे बॉलपेनने मोठी खूण करा, कारण छोटी खूण घासताना पुसली जाते.

3. आता घाई न करता भोक नीट बघा. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा, खिळा किंवा काच. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चेपली. रिमच्या बाजूला भोक असेल तर चाकाच्या तारेचं (स्पोकचं) टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर पॅच टिकणार नाही, ट्यूबच बदला.

4. ट्यूब टायरवर व्हॉल्व्ह जुळवून ठेवा, म्हणजे भोकासमोरची टायरची जागा कळेल. तिथे आतून जुना बनियन फिरवा. बोट फिरवलं तर काच बोटातच जायची. काटा असेल तिथे धागा अडकतो.

5. पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबणं ही घरच्या पंक्चरमधली सगळ्यात मोठी चूक. पाचेक मिनिटांत चमक गेली की पॅच लावून अंगठ्याने जोरात दाबा.

6. टायर बसवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे कडेखाली ट्यूब अडकणार नाही.

नवी ट्यूब किंवा टायर घेताना नुसतं ‘अठ्ठावीस’ सांगू नका. काळ्या सायकलचा 28 × 1½ टायर 635 मिलिमीटरच्या रिमवर बसतो, 700 सी या मापाचा टायर 622 च्या. दोघांनाही अठ्ठावीसच म्हणतात. जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे लिहून न्या.

चेन

चेन वारंवार पडत असेल तर आधी ढिलाई बघा. बिनगिअरच्या सायकलला मधोमध बोटाने वरखाली केल्यावर एक-दीड सेंटिमीटर हलली की पुरे. जास्त हलत असेल तर मागच्या एक्सलचे दोन्ही नट ढिले करून चाक मागे ओढा, ते मधोमध आहे ना बघा आणि नट आळीपाळीने आवळा.

चेन ताणली गेली का, हे शाळेच्या फूटपट्टीवर कळतं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, ती सोडून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. 1/16 इंच पुढे गेली तर चेन बदला. 1/8 इंच गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातही झिजलेले असणार, नवी चेन एकटी घातली तर ती दातांवरून उडते.

तेल शिवणयंत्राचं चालेल. आधी केरोसिनच्या फडक्याने चेन पुसा, प्रत्येक जोडावर एक थेंब टाका आणि वरचं तेल पुसून काढा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं.

आवाज

इथे कान हवेत. पॅडल मारायचं थांबवा आणि सायकल तशीच जाऊ द्या. आवाज थांबला तर बिघाड पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा) किंवा चेनमध्ये. चालूच राहिला तर चाकात. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘खस्’ होत असेल तर रिम वाकडी होऊन ब्रेकला घासतेय. पॅडलच्या प्रत्येक फेरीला ‘कट्’ होत असेल तर जुन्या लोखंडी क्रँकमध्ये पहिला संशय कॉटर पिनवर, म्हणजे क्रँकला एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पिनेवर. क्रँक हाताने हलवून बघा. पिन नट आवळून आत ओढू नका, नटाचं काम फक्त धरून ठेवणं. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा देऊन पिन हातोडीने आत ठोका, मग नट लावा. पिनेची उतरती बाजू झिजली असेल तर पिनच बदला.

ब्रेक किंचाळत असेल तर रिमला तेलाचा हात लागलाय का बघा. नसेल तर ब्रेकच्या रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा मिलिमीटरभर आधी रिमला टेकेल असं बसवा. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर ब्रेकची तार आवळा, आणि रबरावरच्या खाचा मिटल्या असतील तर रबरच बदला.

चाकाच्या तुटलेल्या तारा आणि वाकडी रिम मी स्वतः करत नाही. दोनदा करून बघितलं, चाक आणखी वाकडं झालं. ते काम कारागिराचंच.

आणि पॅडल बदलताना डावीकडचं उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. नेहमीसारखं उलट फिरवून जोर लावला, तर ते आणखीच आवळलं जातं.