साथ आलीये पण शाळा चालू ठेवायचीये, मग हे वाचा

साथ सुरू झाली की दोन दिवसांत सगळीकडून एकच प्रश्न यायला लागतो, शाळा बंद करणार का? मी स्वतः शाळेत शिकवते म्हणून सांगते, बंद करणं सगळ्यात सोपं आहे, नोटीस लावली की झालं. पण २०२० मध्ये जगभरात दीडशे कोटींच्या वर मुलं घरी बसली आणि नंतर वर्गात परत आलेली लहान पोरं साधं वाक्य वाचताना कशी अडखळत होती ते मी समोर उभं राहून बघितलंय. त्यामुळे माझ्यासाठी बंद करणं हा अगदी शेवटचा पर्याय. आणि चालू ठेवायची असेल तर तयारी आधीच हवी, पाच मुलं आजारी पडल्यावर मीटिंग घेऊन काही होत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट विचारून घ्या, हा आजार पसरतो कसा? आरोग्य खात्याला विचारा, डॉक्टरला विचारा, पण हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. गोवर, फ्लू, कोविड यांचा मुख्य रस्ता हवा. उलटी-जुलाबाचा व्हायरस हातांवरून, नळावरून, दाराच्या कडीवरून तोंडात जातो. हा फरक न बघता शाळा सरसकट फवारणी करत बसतात, बेंच चकाचक होतात आणि खिडक्या मात्र बंदच. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरजवळच्या एका शाळेत दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला, तिच्यापासून १४ वेगवेगळ्या वर्गांतल्या २८ मुलांना लागण झाली. त्यातली बरीच मुलं तिच्या वर्गात कधी बसलीच नव्हती, शाळेची हवा खेळवणारी यंत्रणा तीच हवा फिरवून फिरवून सगळ्या वर्गांत सोडत होती. गोवरचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी व्हायरस २ तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आता तिथे बेंच पुसून काय उपयोग सांगा.

म्हणून हवेपासून सुरुवात करा. खिडक्या उघडायच्या, आणि समोरासमोरच्या उघडायच्या म्हणजे हवा आरपार जाते, एकाच बाजूची उघडून फार फरक पडत नाही. समोर खिडकी नसेल तर दार उघडं ठेवा आणि एक फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा, आतली हवा तो बाहेर फेकतो. एसी चालू आहे म्हणजे हवा ताजी आहे असं समजू नका, बहुतेक एसी आतलीच हवा थंड करून परत देतात. दर तासाला किमान ५ वेळा वर्गातली हवा बदलली जावी किंवा फिल्टरमधून जावी असं साधारण टार्गेट धरतात. खिडक्या उघडता येत नसतील तर हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण अडवणारं मशीन ठेवा, किंवा चांगल्या दर्जाचे चार फिल्टर चौकोनात चिकटवून वर फॅन बसवून घरगुती डबा बनवा, त्याला कॉर्सी-रोझेन्थाल बॉक्स म्हणतात, मोठ्या वर्गातली मुलं हौसेने बनवतात आणि कामही छान देतो.

आणि कार्बन डायऑक्साईड मोजायचा एक मीटर घ्याच, सगळ्या शाळेत मिळून एक असला तरी चालेल, रोज वेगळ्या वर्गात ठेवायचा. आपल्या उच्छ्वासात जवळपास ४ टक्के कार्बन डायऑक्साईड असतो, त्यामुळे मीटरवरचा आकडा वाढला की समजायचं मुलं एकमेकांनी सोडलेलीच हवा आत घेतायत. बाहेर मोकळ्यावर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दिसतं, वर्गात ८०० च्या आत असेल तर छान, १००० च्या वर गेला की उठून काहीतरी करा. मी पहिल्यांदा मीटर टेबलावर ठेवला तेव्हा बाहेरच्या आवाजामुळे खिडक्या लावलेल्या होत्या, तासाच्या सुरुवातीला ६०० होता आणि फळा पुसेपर्यंत १८०० च्या वर गेला, मागच्या बाकावरची तीन मुलं जांभया देत होती आणि मला वाटत होतं माझं शिकवणं कंटाळवाणं झालंय. तेव्हापासून एका मुलाला मीटर मॉनिटर केलंय, आकडा चढला की तो न विचारता उठून खिडकी उघडतो. मीटर मात्र मुलांच्या डोक्याच्या उंचीला ठेवा, खिडकीत नको आणि कोणाच्या तोंडासमोरही नको.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते शाळा चालू राहते की बंद पडते ते इथेच ठरतं. आजारी मूल घरी राहिलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे पण होत नाही. सकाळी अंगात कणकण असते, आईला कामावर जायचंच असतं, ती पॅरासिटामॉल देते, मूल आठ वाजता हसत वर्गात येतं आणि अकरा-साडेअकराला डोकं बाकावर टेकवतं कारण औषधाचा असर चार-सहा तासांत उतरतो. हात लावला तर चटका बसतो, आणि तोपर्यंत त्याने शेजाऱ्याची बाटली तोंडाला लावलेली असते. यात आईला दोष देऊन काही मिळत नाही, लपवावं का लागतं ते बघा. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर साथीच्या वर्षात ते सरळ बंद करा, मुलं तापात येतात हो त्या सर्टिफिकेटसाठी. परीक्षा बुडाली तर परत घेऊ हे लेखी द्या. बुडालेला अभ्यास घरी कसा पोचणार ते आधीच सांगा. आणि शिक्षकांचा, बसवाल्या दादांचा, सफाईवाल्या ताईंचा आजारपणात पगार कापत असाल तर ते लोकही ताप अंगावर काढूनच येणार, मग बाकी सगळं करून काही फायदा नाही.

परत कधी यायचं हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडू नका, एका पानावर छापून घरोघरी द्या. ताप असेल तर तापाचं औषध न घेता २४ तास ताप नसला पाहिजे. उलटी-जुलाब असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास घरी. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवर असेल तर पुरळ आल्यापासून ४ दिवस, गालगुंड असेल तर सूज आल्यापासून ५ दिवस. डांग्या खोकल्याला अँटिबायोटिक सुरू केल्यापासून ५ दिवस. साथीत आरोग्य खात्याचा वेगळा नियम आला तर तोच धरायचा. नुसता खोकला महिनाभर रेंगाळतो, त्यासाठी बरं झालेलं मूल अडवून ठेवू नका.

गेटवर थर्मामीटरची बंदूक घेऊन माणूस उभा करतात त्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. फ्लू ताप यायच्या आदल्या दिवसापासून पसरतो, गोवर पुरळ दिसायच्या ४ दिवस आधीपासून. त्यापेक्षा वर्गशिक्षकाने दारात उभं राहून एकेका मुलाकडे नीट बघावं, रोज बघणाऱ्या माणसाला चेहरा उतरलेला लगेच कळतो. शंका आली की मुलाला वेगळ्या खोलीत न्यायचं. ही खोली आधीच ठरवा, तिला खिडकी हवी, जवळ टॉयलेट हवं, मुलासोबत मास्क लावलेलं एक मोठं माणूस हवं. अडगळीच्या खोलीत एकटं बसवू नका, आधीच ते मूल घाबरलेलं असतं, त्यात सगळा वर्ग त्याच्याकडे टकामका बघत असतो. त्याला सांगा की तू काही चुकीचं केलेलं नाहीस, आई-बाबा येतायत.

हातांचं थोडक्यात सांगते. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, खायच्या आधी आणि टॉयलेटनंतर. सॅनिटायझर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोलवाला असेल तर ठीक, पण उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही, तिथे साबणच. वर्गात कोणी उलटी केली तर आधी मुलांना बाहेर काढा, ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून टिपकागदाने उचला, मग ब्लीचने पुसा, ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्यात निदान २० मिली. पाणी रोज ताजं बनवा आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो.

मास्क हवेतून पसरणाऱ्या साथीत, ऐन भरात असताना, नीट बसणारा असेल तर उपयोगी. गळ्यात लटकवलेला मास्क काही कामाचा नाही, आणि लहान मुलांकडून दिवसभर अपेक्षा करू नका.

डब्याची सुट्टी मात्र सांभाळा. तेव्हा सगळे मास्क काढून, तोंडासमोर तोंड घेऊन, मोठमोठ्याने बोलत असतात. शक्य असेल तर बाहेर मोकळ्यावर खा, नाहीतर प्रत्येक वर्गाने आपल्याच वर्गात, खिडक्या उघड्या ठेवून. स्टाफरूमकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. वर्गात काळजी घेणारे आम्ही शिक्षक छोट्याशा बंद खोलीत दहा जण बसून चहा पितो आणि मग तिघं-चौघं एकदम आजारी पडतात. शाळा बंद पडायचं ते एक मोठं कारण असतं, शिकवायलाच कोणी उरत नाही. त्यामुळे बदली शिक्षकांची यादी आधीच करून ठेवा. बसच्या खिडक्या उघड्या, आणि जागा ठरलेल्या, बसमध्येही आणि वर्गातही. कोण कोणाशेजारी बसतं हे लिहिलेलं असलं की एक केस आल्यावर कोणाच्या घरी फोन करायचा ते पाच मिनिटांत कळतं.

लसींची नोंद आधीच तपासून ठेवा, साथ यायची वाट बघू नका. गोवर थांबवायला ९५ टक्के मुलांची लस पूर्ण लागते, आणि संपर्क आल्यावरही ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो, पण त्यासाठी कोणाची राहिलीये ती यादी हाताशी हवी, कपाटात शोधत बसलात तर ते ७२ तास असेच जातात. दुसरी यादी त्याहून नाजूक. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेलं मूल, प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, गरोदर शिक्षिका. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर यांना त्याच दिवशी फोन गेला पाहिजे, दुसऱ्या दिवशी नाही, कारण अशा वेळी डॉक्टर जी औषधं देतात ती वेळेतच द्यावी लागतात.

पालकांना काय सांगायचं? खरं तेच, लवकर आणि नाव न घेता. "पाचवी ब मध्ये काल एका मुलाला गोवर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. वर्ग चालू आहे. ताप, डोळे लाल, पुरळ यातलं काही दिसलं तर शाळेत पाठवू नका, आधी फोन करा." एवढंच. मेसेज तुम्ही पाठवला नाही तर ग्रुपवर कोणीतरी पाठवणारच, आणि त्यात दोन मुलं दगावल्याचंही असेल.

बंद करायचीच वेळ आली तर पूर्ण शाळा एकदम नको. रोजच्या हजेरीतून वर्गवार गैरहजर मुलं आणि कारण लिहा, एका वर्गात आकडा नेहमीपेक्षा बराच वर गेला की आरोग्य खात्याशी बोलून तेवढाच वर्ग काही दिवस घरी. आणि घरी पाठवलं म्हणजे आपलं काम संपलं असं नसतं. न्यूयॉर्कमध्ये १९०२ च्या सुमाराला शाळा संसर्ग झालेल्या मुलांना रोज घरी पाठवायच्या, घरी उपचार कोणी करायचं नाही, मुलं तशीच रस्त्यावर खेळायची आणि महिनोन्‌महिने शाळेबाहेर राहायची. मग लीना रॉजर्स नावाची नर्स नेमली, ती शाळेतच औषधपाणी करायची आणि घरी जाऊन आईवडिलांना समजावून सांगायची. वर्षभरात घरी पाठवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या साधारण ९० टक्क्यांनी खाली आली. आपल्याकडे नर्स नसेल तर एका शिक्षकाला रोज अर्धा तास मोकळा द्या, त्याने घरी असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करायचा, ताप उतरला का, डॉक्टरला दाखवलं का, औषध परवडतंय का.

आणि ते मूल परत आलं की पहिल्या दिवशी त्याच्या जागेवर वही उघडून ठेवलेली असू दे, बुडालेल्या पानांवर शेजाऱ्याने खुणा करून ठेवलेल्या. कोणी "लांब बस" म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा, आणि त्याच्या शेजारी थोडा वेळ तुम्ही स्वतः बसा.