नागपुरात घरीच रॉक अल्बम रेकॉर्ड करायचा असेल तर

भाऊ, पहिले तर रेकॉर्डिंग मे महिन्यात ठेवूच नका. पारा ४५ च्या आसपास, कूलर बंद केला तर ड्रमर उठून चालला जाते आणि चालू ठेवला तर घरघर प्रत्येक माइकमध्ये शिरते, वरून ओलाव्यानं गिटारचं ट्यूनिंग हलते ते वेगळंच. आम्ही अल्बम थंडीत केला, भिंतींना गाद्या-रजया टेकवून, कोपऱ्यात जास्त कारण बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, तिथंच साचते.

आधी क्लिकवर, म्हणजे कानातल्या तालाच्या टिकटिकीवर, गाइड गिटार (बाकीच्यांना सोबत वाजवता यावं म्हणून कच्ची घेतलेली), मग ड्रम, मग बेस गिटार, मग खरी गिटार, आणि गायकाला शेवटी बसवा.

गिटारसाठी महागडा माइक काहून पाहिजे, शूर कंपनीचा एसएम ५७ माइक बस्स आहे. अ‍ॅम्पच्या जाळीला लागून ठेवा पण स्पीकरच्या कोनच्या (आतल्या थरथरणाऱ्या पडद्याच्या) मधोमध नाही, थोडा कडेला, मधात ठेवला की आवाज टोचते. सोबत डीआयमधून (गिटार माइकशिवाय थेट रेकॉर्डिंगला जोडणारी डबी) कोरा सिग्नलही घेऊन ठेवा, नंतर टोन आवडला नाही तर तोच पुन्हा अ‍ॅम्पमधून काढता येते. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आवाजाच्या मीटरवर लेव्हल लाल होऊ देऊ नका.

मिक्स झालं की वर्धा रोडवर कारमध्ये लावून पहा, बेस ऐकू नाही आला तर परत बसा.