घरचा नॅस जोडताना आधी लाइट आणि ऊन बघा, प्रोसेसर नंतर

मी परभणी जिल्ह्यात, सेलूला लग्नाचं शूटिंग करतो. आमची लग्नसराई ऐन एप्रिल-मेची. म्हणजे सगळ्यात जास्त डेटा येतो त्याच दिवसांत बाहेर ४२-४३ अंश असतात आणि लाइटचा भरवसा नसतो. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं, फाइली साठवायचं डिस्कवालं मशीन. बहुतेक जण त्याचं सामान निवडायला प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मराठवाड्यात राहणाऱ्याने डिस्क, हवा आणि यूपीएस यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरलेल्या पैशांत येईल तो प्रोसेसर पुरतो.

आधी जागेचा हिशोब. फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसने घेतला तर तासाला ४५ जीबी होतो. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की ५४० जीबी, फोटो वेगळेच. ८ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा लावल्या तर वापरायला एकाच डिस्कएवढी जागा मिळते, आणि कॉम्प्युटर ती ७.२ टीबीच्या आसपास दाखवतो. त्यात अशी तेरा-चौदा लग्नं बसतात. म्हणून केस, म्हणजे मशीनचा डबा, चार डिस्कचा घ्या आणि सुरुवातीला दोनच भरा.

डिस्क घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे एकमेकांपासून वेगळे असतात. एसएमआर डिस्कवर ते पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. नुसतं साठवून ठेवायला हे चालतं, पण एक डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर सगळा डेटा पुन्हा उतरवायची वेळ आली की ही डिस्क रडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड मालिकेत २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि त्यानंतर सीएमआरवाल्या डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या झाल्या. रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ, तोशिबाची एन३००, यांतली कोणतीही घ्या. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच लॉटच्या डिस्क एकत्रच आजारी पडायची भीती असते. बिल करण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का, ते तिथेच मोबाइलवर बघा. बाहेरून आलेल्या मालाला ती बहुतेकदा नसते.

आता ऊन. या डिस्कना कंपनी ६० ते ६५ अंशांपर्यंत चालेल म्हणते, पण रोजच्या वापरात ४५ च्या आत राहिलेली बरी. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी नुसती हवाच ३८-४० असते. म्हणजे हातात पाच-सात अंशच उरले. म्हणून डिस्कच्या पिंजऱ्यासमोर १२० मिलिमीटरचा पंखा हवाच. दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडा. शोभेची काच लावलेला केस नको, पुढून जाळी असलेला घ्या. जाळीमागे धुळीचा फिल्टर असावा आणि तो काढून धुता यावा. नॅस वरच्या मजल्यावर ठेवू नका, तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली बघा. आणि कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको. थंड हवा मिळते म्हणून मोह होतो, पण बोअरच्या पाण्याचा क्षार त्या हवेबरोबर उडतो. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर जमतो, तोच हळूहळू बोर्डवर बसतो.

लाइटचा विषय सगळ्यात मोठा. घरात इन्व्हर्टर असला तरी छोटा लाइन-इंटरॲक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर स्वतः सावरणारा) यूपीएस लागतोच. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय १६ मिलिसेकंदांच्या आसपास दम धरतो, आणि साध्या मोडवरचा इन्व्हर्टर पालटायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. इन्व्हर्टरमागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो चालू करा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर कित्येक यूपीएस लाइट आलीच नाही असं धरून आपली बॅटरी संपवत बसतात. यूपीएस घेताना मागची बाजू बघा. यूएसबीचा डेटा पोर्ट असेल तरच घ्या, कारण बॅटरी संपत आली हे नॅसला त्या वायरीतूनच कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. ६०० व्हीएचे स्वस्त नग पुष्कळदा या पोर्टविना येतात. बॅटरी दोन-तीन वर्षांची धरून चाला, आपल्या उन्हात त्याहून कमी.

अर्थिंगकडे कुणी बघतच नाही. केसच्या उघड्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असं समजा आणि वायरमनला बोलवा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून त्यात पाणी टाकत राहायचं.

मशीनचं थोडक्यात सांगतो. ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा टॉवर, म्हणजे जुना उभा कॉम्प्युटर, उत्तम. छोट्या चपट्या केसमध्ये डिस्कला जागा नसते आणि त्यांचा पॉवर सप्लायही वेगळ्याच मापाचा असतो. नवाच घ्यायचा तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा बोर्ड बघा. तो फार कमी वीज खातो. नॅस चालवणारी सॉफ्टवेअरं म्हणजे ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस. ओपनमीडियाव्हॉल्टला रॅम ८ जीबी भरपूर, ट्रूनॅस टाकणार असाल तर १६ घ्या. प्रत्येक डिस्क सुरू होताना क्षणभर २४ वॉटच्या आसपास ओढते, त्यामुळे चार डिस्कला चांगल्या कंपनीचा ३००-४०० वॉटचा सप्लाय पुरतो. मात्र पॉवर सप्लायच्या जुन्या मोलेक्स पिनवरून डिस्कची साटा पिन काढणारे प्लॅस्टिकच्या साच्यात ओतलेले जोड वापरू नका, ते आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. नेटवर्क वायरनेच. गिगाबिट वेगाच्या वायरवर सेकंदाला ११० एमबी मिळतात, म्हणजे ते ५४० जीबीचं लग्न दीड तासाच्या आत उतरतं. मला तेवढं पुरतं.

मिररला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते आणि वीज पडली तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. लोकांच्या घरचा एकदाच होणारा प्रसंग आपल्याकडे असतो, म्हणून तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर काढून दुसऱ्या घरी ठेवा.

सगळं जोडून झालं की डिस्कची लाँग टेस्ट, म्हणजे डिस्क स्वतःचाच पूर्ण पृष्ठभाग वाचून तपासते ती चाचणी, लावा. ८ टीबीला ती बारा तासांहून जास्त चालते, म्हणून रात्री लावलेली बरी. मग भर दुपारी, इन्व्हर्टर बंद ठेवून, घराचा मेन स्विच पाडा आणि शेजारी बसून बघा. यूपीएस वाजेल, थोड्या वेळाने डिस्क थांबतील, मशीन आपणहून बंद होईल. तसं झालं नाही तर वायर आणि सेटिंग पुन्हा तपासा, आणि तोवर एकाही लग्नाचं कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करू नका.